बाहीची मच्छरदाणी

"दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच," तो म्हणाला. "आणि एका बाजूला बाही हवी."

मी मशीन थांबवलं. मच्छरदाण्या शिवण्यात माझी अकरा वर्षं गेली. पाळण्याची शिवली, खाटेची शिवली, एका आजोबांच्या आरामखुर्चीचीसुद्धा शिवून दिली. पण बाहीची? आजवर एकाही माणसाने मागितली नव्हती.

"बाळ किती महिन्यांचं आहे?" मी विचारलं.

"बाळ नाही."

"मग मांजर? मांजर राहत नाही हो आत, आधीच सांगते. नखांनी फाडून ठेवतं आणि लोक आमच्या शिलाईला नावं ठेवतात."

"मांजरही नाही." तो जरा घुटमळला. "डास."

"डासांसाठीच असते मच्छरदाणी. मी विचारतेय, आत कोण झोपणार?"

"तेच सांगतोय... आत डास."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याची एक बाही मनगटापर्यंत बटण लावलेली, दुसरी कोपरापर्यंत दुमडलेली. त्या उघड्या हातावर लाल ठिपकेच ठिपके. आणि चेहरा इतका सरळ, की थट्टा करतोय असंही म्हणता येईना.

"म्हणजे डास आत आणि तुम्ही बाहेर?"

"हो. हात तेवढा आत."

माझी बोलती बंद झाली. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, माझी बोलती सहसा बंद होत नाही. मी मुकाट्याने मापं लिहून घेतली आणि वर 'डासवाला' असं लिहिलं.

तो गेल्यावर बाबा आतून आले. हातात तेलाची बाटली, कपाळावर आठ्या. "डास पाळतो? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?"

बाबांना राग येणारच. मी नऊ वर्षांची असताना डासाच्या तापाने आमची आई गेली. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. तेव्हापासून बाबा तेल करतात. गवती चहा, निलगिरी, कडुनिंबाचा पाला, कापूर, सगळं तिळाच्या तेलात मंद आचेवर तासन् तास कढवायचं. आमच्याकडून मच्छरदाणी नेणाऱ्या प्रत्येकाला ते एक छोटी बाटली हातात देतात आणि म्हणतात, "लावा आणि निर्धास्त राहा." अख्खी गल्ली लावते.

आणि आता तर घरात ताई होती. सातवा महिना. भावजी जहाजावर, म्हणून ती आमच्याकडे राहायला आलेली. गल्लीत दोन घरांत ताप निघाला होता आणि डॉक्टरीणबाईंनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं, "या दिवसांत हा ताप आला तर तुम्हालाही जड आणि बाळालाही. जपा." बाबा रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः तिच्या हातापायांना तेल चोळायचे. माझा त्या तेलावर इतका विश्वास होता, की मी घोर लावून घेतलाच नव्हता.

चार दिवसांनी मच्छरदाणी तयार झाली. तो न्यायला येणार होता, पण मीच पोचवायला निघाले. मला बघायचं होतं, त्यात काय लपवायचं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बैठी पिवळी इमारत आहे. तिथे जुनी कागदपत्रं ठेवतात अशी माझी समजूत होती. ती निघाली कीटकांची प्रयोगशाळा. दार उघडंच होतं. आत गरम, दमट हवा. फळ्यांवर पांढरे ट्रे, ट्रेमधल्या पाण्यात काहीतरी वळवळणारं. आणि खिडकीपाशी स्टुलावर तो, ठिगळं लावलेल्या जाळीच्या जुन्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून शांत बसलेला. हातावर डास. एक नाही, दोन नाही... हाताची कातडीच दिसत नव्हती.

माझ्या हातातली पिशवी धपकन खाली पडली.

"जरा थांबा," मागे न बघता तो म्हणाला. "जेवतायत."

"कोण?"

"या सगळ्या."

मी भिंतीला टेकले. पळून जावं असं पायांना वाटत होतं, पण डोळे हलायला तयार नव्हते.

"या म्हणजे..."

"माद्या. चावतात त्या माद्याच. नर बिचारे फुलांतला रस पितात. इथे फुलं कुठली आणू, साखरपाणी देतो." त्याने पेटीतल्या कापसाच्या बोळ्याकडे बोट केलं. "माद्यांना अंडी घालायची असली की रक्त लागतं."

"म्हणजे डोहाळे," मी म्हणाले.

तेव्हा तो मागे वळला. आणि हसला. डासांनी भरलेला हात घेऊन माणूस इतका छान हसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"आणि तुम्हाला ताप आला म्हणजे?"

"या इथेच जन्मल्या. आजारी माणसाला कधी चावल्याच नाहीत, मग ताप आणणार कुठून? त्या आपल्याकडूनच उचलतात आणि आपल्यालाच देतात." त्याने हात अलगद बाहेर काढला. "लोक उपाय सांगतात ना, लसूण लावा, पुदिना लावा, अमक्याचा धूर करा... ते खरंच चालतं का, किती वेळ चालतं, हे कुणीतरी हात घालून बघायला नको?"

मग त्याने माझी मच्छरदाणी उचलली आणि शिवणीवरून बोट फिरवत नेलं, अगदी हळू. कोपऱ्याशी थांबला. "दुहेरी शिवण घातलीत."

"एकेरी घातली असती तर तुमच्या लेकी माझ्या घरी मुक्कामाला आल्या असत्या."

घरी येताना माझं मलाच कळेना, की मी घाबरलेय म्हणून छातीत धडधडतंय की आणखी कशाने.

दोन दिवसांनी तो दुकानात हजर.

"काय काम काढलंत?" मी विचारलं.

"इथून चाललो होतो..." तो थांबला. कान लाल झाले. "नाही. इथून नव्हतो चाललो. मुद्दाम आलोय."

माझी सुई कापडाबाहेर धावली. असं कुणी बोलतं का? इलॅस्टिक ढिलं झालं म्हणावं, जाळी फाटली म्हणावं... जगात काय निमित्तं कमी आहेत? पण या माणसाला थाप मारायला येतच नव्हती.

मग तो येत राहिला. आणि आला की हात स्वस्थ नसायचे. एकदा टेबलावरचा पंखा उचलून त्याने खाली जमिनीवर ठेवला.

"हे काय?"

"डास पायांच्या वासाने येतात. आणि उडायला अगदीच कच्चे असतात. पायाशी वारा असला की त्यांना टेकता येत नाही."

"माझ्या पायांना वास येतो म्हणता?"

"सगळ्यांच्याच येतो."

"तुम्ही मुलींशी असंच बोलता?"

"मुलींशी बोलायची वेळ फारशी येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "दिवस सगळा माद्यांमध्ये जातो."

मी इतकी हसले, की तोंडात धरलेल्या टाचण्या खाली सांडल्या. त्या दोघांनी मिळून गोळा केल्या. गोळा करायला अंमळ जास्तच वेळ लागला.

एकदा त्याने आमची अंगणातली बादली उपडी केली आणि आत बोट फिरवलं. "नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. आतून घासायची. आठवड्यातून एकदा, न चुकता. अंड्यापासून पंखांपर्यंत त्यांना आठवडाच लागतो."

ताई खिडकीतून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "रोज बादली घासायला येतो का गं हा?"

"ताई, गप्प बस."

"मी गप्पच आहे. तुझे गाल बोलतायत."

बाबा मात्र त्याच्याशी बोलत नसत. तो आला की आत जाऊन तेल ढवळत बसायचे. आणि म्हणूनच माझ्या डोक्यात ती अवदसा शिरली. म्हटलं, हा तेलाची परीक्षा घेईल, तेल पहिल्या नंबराने पास होईल, हा बाबांना तसं लिहून देईल, आणि मग बाबा... मग पुढचं सोपं होईल. बाटली मीच घेऊन गेले. मिरवत गेले.

बाहेर रिपरिप चालू होती. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. त्याने आधी नुसता हात पेटीत घातला. चाळिसाव्या सेकंदाला पहिली मादी चावली. मग दुसऱ्या हाताला बाबांचं तेल लावलं, स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि तो हात मी शिवलेल्या बाहीतून आत सरकवला. मी शेजारच्या स्टुलावर. आमचे गुडघे चार बोटांवर... मी मुद्दाम सरकले नाही.

एक मिनिट. दोन. माद्या जवळ यायच्या आणि वळून जायच्या. पाच. माझी मान ताठ. "बघितलंत?" सात. आठ.

नवव्या मिनिटाला एक बसली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"परत करा," मी म्हणाले.

"करायचंच असतं."

दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशी केलं. नऊ. आठ. पुन्हा नऊ. सोळा वर्षं बाबा चुलीपाशी उभे राहिले होते, ते नऊ मिनिटांसाठी?

तो कागदावर आकडा लिहायला लागला. मी त्याचं पेन धरलं.

"नव्वद लिहा."

त्याने वर बघितलं.

"नऊच्या पुढे एक शून्य. तुम्हाला काय जड आहे? आई गेल्यापासून बाबा या तेलावर उभे आहेत. हे त्यांनी वाचलं तर ते मोडतील. तुम्हाला नाही कळायचं."

"कळतं मला," तो हळूच म्हणाला. "पण तुमच्या ताई दुपारी झोपतात तेव्हा अंगाला हेच तेल असतं ना? आणि मच्छरदाणी नसते?"

"गुदमरतं तिला."

"मग त्यांच्या हातावर मी नव्वद कसे लिहू, सांगा."

मला इतका राग आला, इतका राग आला... कारण तो खरं बोलत होता. "आमच्या दुकानाची पायरी चढू नका पुन्हा," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. डोळे एकदम विझल्यासारखे झाले, पण कागदावर त्याने नऊच लिहिले.

बाबांना मी काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही. पाच दिवस दुपारी गुपचूप ताईच्या खाटेवर मच्छरदाणी लावत होते आणि ताई झोपेत ती बाजूला सारत होती. सहाव्या दिवशी चहा घेऊन आत गेले. ताई कुशीवर झोपलेली. हात सकाळच्या तेलाने अजून चकचकतोय. आणि त्या चकचकीत हातावर पायांना पांढरे पट्टे असलेला डास, निवांत, पोट फुगेस्तोवर पीत बसलेला. मी तो मारला. तळहातावर ताईचं रक्त आलं.

तशीच बाबांसमोर गेले आणि हात पुढे केला. "नऊ मिनिटं, बाबा. तुमचं तेल नऊ मिनिटं चालतं. मी परीक्षा करून आणलीय. आठवडा झाला, सांगितलं नाही."

बाबांनी बाटलीचं झाकण लावलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी बाबा विजेरी घेऊन घरभर फिरले. कुंड्या, बादल्या, पिंप, मोरी. काहीच नाही. शेवटी स्वयंपाकघरात गुडघे टेकून कपाटाखाली वाकले. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असतात. विजेरीच्या उजेडात त्या चारही वाट्या वळवळत होत्या. त्या वाट्या मीच भरायचे. पाणी कमी झालं की वरून ओतायचं, बस. घासल्या कधीच नव्हत्या. मी गल्लीला मच्छरदाण्या विकत होते आणि ताईच्या खोलीपासून दहा पावलांवर डास पाळत होते.

वाट्या उकळत्या पाण्याने घासल्या. मग आठ दिवस आम्ही थर्मामीटर घेऊन बसलो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ताई चिडायची, "अगं, त्या काडीने पोट भरलं माझं." मला हसू येत नव्हतं. त्या दिवसांत मला कुणाची आठवण येत होती ते सांगत नाही. दर तासाला येत होती.

ताईला ताप आला नाही. नवव्या दिवशी सकाळी बाबा घडीचा शर्ट घालून दारात उभे. हातात तेलाची बाटली. "चल. त्या मुलाकडे."

आम्हाला दारात बघून तो गडबडून उभा राहिला.

"माझा हात घे," बाबा म्हणाले.

"काका, तुम्ही नको..."

"तेल माझं आहे. हातही माझाच हवा."

बाबांनी स्वतः तेल लावलं आणि हात बाहीतून आत घातला. जन्मभर डास दिसला की टाळी वाजवणारा माझा बाप, डासांच्या पेटीत हात घालून बसला. आठ मिनिटं चाळीस सेकंदांनी पहिली मादी चावली. बाबांनी हात काढला नाही. हाताकडे बघतच म्हणाले,

"घरातली मच्छरदाणी मी गिऱ्हाईकाला दिली होती."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. घाईत होते. मी आमच्या खाटेवरची काढून, धुऊन, घडी करून दिली. म्हटलं, आपली काय, आठवड्याने शिवू. हिची आई आठ रात्री तशीच झोपली. मग ताप आला." बाबांचा आवाज चिरकला. "सोळा वर्षं कुणाला सांगितलं नाही. तेल करत बसलो."

मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिवत होते. आणि मला याचा पत्ता नव्हता.

त्याने हलक्या हाताने बाबांचा हात बाहेर काढला, बाही मिटली आणि समोर बसला. "काका, काकू दिवसा कुठे असायच्या?"

"मशीनवर. हिच्या मशीनवर."

"सकाळी? संध्याकाळी उजेड असेपर्यंत?"

"मशीनवरच. उठायची कुठे ती."

"हा ताप आणणारा डास दिवसा चावतो. सकाळी आणि उन्हं उतरताना जास्त. रात्री बहुतेक वेळा तो कुठेतरी अंधारात गप्प बसलेला असतो." तो जरा थांबला. "खात्रीने आता कुणीच सांगू शकणार नाही. पण काकूंना दिवसा मशीनवरच चावला असणार. खाटेवर मच्छरदाणी असती तरी फरक पडला नसता."

बाबांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."

"बाबा, नाही," मी म्हणाले. लाज वाटत होती, पण बोलले. "तो तसं बोलत नाही. मी त्याला नऊचे नव्वद लिहायला सांगितले होते. भांडले. दुकानात येऊ नका म्हणाले. तरी नाही लिहिले त्याने."

बाबांनी चष्मा काढला आणि ते रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी ओला रुमाल घेऊन त्यांच्या हातावरच्या गांधींवर ठेवत राहिले, दुसरं काय करावं कळत नव्हतं.

"या तेलाचं आता काय करू?" थोड्या वेळाने बाबांनी विचारलं.

"कपाटाखालच्या वाट्यांत दोन-दोन थेंब टाका. अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतात, तेलाचा तवंग असला की त्यांना घेता येत नाही."

"माझ्याच तेलाने होतं ते?"

"कुठल्याही तेलाने होतं," तो म्हणाला. "पण तुमचं घरात आहेच, तर तुमचं टाका."

बाबा हसले. ओल्या डोळ्यांनी, पण हसले. चष्मा पुसला, चढवला आणि सहज, वेळ विचारावी तसं विचारलं, "आणि माझी धाकटी आवडते का रे तुला?"

रुमाल माझ्या हातातून गळून पडला.

"हो," तो म्हणाला.

एवढंच. घुटमळला नाही, लाजला नाही.

"आणि तुझं काय?" बाबा माझ्याकडे वळले.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा," मी म्हणाले.

बाबा उठले, बाटली घेतली आणि बाहेर जाऊन बसले. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

खोलीत बारीक गुणगुण तेवढी उरली. तो उभा, मी उभी.

"तुम्ही येऊ नका म्हणालात," तो म्हणाला, "म्हणून आलो नाही. रोज निघायचो. कोपऱ्यापर्यंत यायचो आणि..."

"तू म्हण," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"त्या दिवशी तू नव्वद लिहिले असतेस, तर आज बाबांनी तुझं एक अक्षर खरं मानलं नसतं. आणि मीही नसतं मानलं." मधलं स्टूल मी बाजूला सारलं. "आवडतोस मला. पेटीत हात घालून बसला होतास ना, तेव्हापासून."

"खरंच?"

"तुझ्यापुढे खोटं बोलून कुठे जाऊ मी..."

त्याने हात पुढे केला. तोच, ठिपक्यांचा. मी तो दोन्ही हातांत धरला, आणि चाळीस माद्या चावत असताना जो हात कधी हलला नव्हता, तो माझ्या हातात थरथर कापत होता.